दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे बहुशाखीय संशोधन आणि त्याची संदर्भपरंपरा

प्रस्तावना

एखाद्या संशोधकाच्या कार्याचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न विद्याक्षेत्रात जुनाच आहे. मात्र १९६४ साली यूजीन गारफिल्ड यांच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि या प्रश्नाला आकड्यांचे रूप आले. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढील किती शोधनिबंधांनी केला, याची मोजदाद शक्य झाली. पुढे २००४ साली ‘गूगल स्कॉलर’ आले आणि २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जे. ई. हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. त्यानंतर ही मोजदाद ग्रंथपालांच्या टेबलावरून निवड समित्यांच्या टेबलावर आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या शैक्षणिक कामगिरीला गुण देण्याची पद्धत आणली, तेव्हापासून महाविद्यालयीन अध्यापकालाही या गणिताची ओळख करून घेणे भाग पडले.

या मोजमापाची परीक्षा घ्यावयाची तर एकाच विषयात आयुष्य घालविलेल्या संशोधकापेक्षा अनेक विषयांत संचार केलेल्या संशोधकाचे उदाहरण अधिक उपयोगी ठरते. त्या दृष्टीने दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्याइतके बोलके उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. भूमिती, संभाव्यताशास्त्र, संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा, पुरातत्त्व आणि प्राचीन भारताचा इतिहास एवढ्या क्षेत्रांत त्यांचे लेखन आहे. महाराष्ट्रात त्यांचे नाव प्रामुख्याने इतिहासकार म्हणून घेतले जाते. परंतु त्यांच्या ज्या एका निबंधाने जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचे नाव नेले, तो इतिहासाचा नाही. तो अवघ्या चार पानांचा असून त्याचा विषय गुणसूत्रावरील अंतरे मोजण्याचा आहे.

जडणघडण

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक. त्यांच्या हार्वर्ड विद्यापीठातील कामामुळे दामोदर १९१८ साली अमेरिकेस गेले. तेथील शालेय शिक्षणानंतर हार्वर्डमधूनच १९२९ साली त्यांनी विशेष प्रावीण्यासह पदवी संपादन केली. गणितज्ञ जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांचे अध्यापन त्यांना तेथे लाभले आणि नॉर्बर्ट वीनर यांच्याशी स्नेह जुळला. पीएच.डी. त्यांनी केली नाही. आजच्या नियमांनुसार त्यांना सहायक प्राध्यापकपदासाठी आधी पात्रता परीक्षेला बसावे लागले असते, हे ओघाने नोंदविण्यास हरकत नाही.

मायदेशी परतल्यावर बनारस हिंदू विद्यापीठ, नंतर आंद्रे वेइल यांच्या निमंत्रणावरून अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा त्यांचा प्रवास झाला. फर्ग्युसनमधील सुमारे बारा वर्षे हा त्यांच्या गणिती जीवनाचा सर्वांत फलदायी काळ होय. १९३४ साली त्यांना मद्रास विद्यापीठाचे रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. नंतर नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांनी त्यांना पाचारण केले. राहणे पुण्यात आणि नोकरी मुंबईत, त्यामुळे ‘डेक्कन क्वीन’चा प्रवास त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला.

मार्ग-अवकाशाची भूमिती

कोसंबी यांच्या गणिती लेखनाचा आरंभ भूमितीतून झाला. १९३१ साली संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत त्यांची एक छोटी टीप प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकात ‘बोर्बाकी’ या गणितज्ञाच्या दुसऱ्या प्रमेयाचा उल्लेख होता. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. वेइल यांच्या सूचनेवरून केलेली ती थट्टा होती. पुढे फ्रान्समधील तरुण गणितज्ञांच्या ज्या मंडळाने ‘निकोला बोर्बाकी’ या सामूहिक नावाने विसाव्या शतकातील गणिताची मांडणीच बदलून टाकली, ते मंडळ १९३४-३५ साली आकारास आले. म्हणजे गणिताच्या छापील साहित्यात बोर्बाकी हे नाव प्रथम आले ते उत्तर भारतातील एका पत्रिकेत आणि एका गोमंतकीय तरुणाच्या लेखणीतून. संदर्भसूचीच्या विश्वासार्हतेवर भाष्य करण्यासाठी याहून चांगला विनोद शोधूनही मिळणार नाही.

गंभीर काम त्याच सुमारास चालू होते. १९३२ साली प्रशियन विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात एकसंध क्षेत्रसिद्धांतावरील त्यांचा जर्मन निबंध आला. १९३३ साली ‘माथेमाटिशे झाइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात ‘समांतरता आणि मार्ग-अवकाश’ या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. द्वितीय कोटीच्या अवकल समीकरणांचा एक संच घेतला की त्याची प्रत्येक उकल हा एक ‘मार्ग’ ठरतो. अंतर मोजण्याचे साधन हाताशी नसताना या मार्गांवरूनच अवकाशाचे भूमितीय गुणधर्म काढता येतील काय, असा कोसंबी यांचा प्रश्न होता. त्या निबंधाला लागूनच, त्याच अंकात, एली कार्तां या फ्रेंच भूमितिज्ञांचे त्यावरील टिपण छापले गेले. पंचविशीतील भारतीय अध्यापकाच्या निबंधावर कार्तां यांनी लिहावे, ही त्या काळातील सर्वोच्च मान्यता होती. १९३९ साली शिंग-शेन चर्न यांनी हाच विषय पुढे नेला.

यानंतर सुमारे अर्धशतक हा धागा जवळजवळ निद्रिस्त राहिला. नंतर तो ‘कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत’ या नावाने जीवशास्त्रीय प्रारूपांत आणि पुढे विश्वरचनाशास्त्रात व अराजक प्रणालींच्या अभ्यासात वापरला जाऊ लागला. एखाद्या प्रणालीचा मार्ग किंचित ढळला तर शेजारचे मार्ग एकत्र येतात की दूर जातात, याला ‘जॅकोबी स्थिरता’ म्हणतात. तिचे गणित या सिद्धांतातून करता येते. तीन नावांच्या या जोडनावात कोसंबी यांचे नाव पहिले आहे. दुसऱ्या एका सिद्धांतात मात्र ते नावच गळून पडले.

गळालेले नाव

१९४३ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये कोसंबी यांचा फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावरील तेरा पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा असा सांगता येईल. काळानुसार यदृच्छेने बदलणारी एखादी राशी घ्यावी; विजेच्या तारेतील गोंगाट किंवा हवेचे तापमान ही अशी उदाहरणे होत. तिची प्रत्येक नोंद ही एक वक्ररेषा असते आणि अशा वक्ररेषा असंख्य असू शकतात. त्या सर्वांना काही ठराविक मूलभूत वक्रांच्या बेरजेच्या रूपात मांडावयाचे, पण ते वक्र असे निवडावयाचे की त्यांचे गुणक एकमेकांशी सहसंबंधित असणार नाहीत आणि थोड्याच पदांत बहुतेक सारी माहिती सामावेल. मर्यादित संख्येच्या चलांसाठी असे विश्लेषण १९३३ साली हॅरॉल्ड होटेलिंग यांनी मांडले होते. कोसंबी यांनी ती कल्पना अनंतमितीय अवकाशात नेली.

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिनलंडमध्ये कारी कारहुनेन आणि फ्रान्समध्ये मिशेल लोएव यांनी स्वतंत्रपणे हेच फलित, अधिक काटेकोर मांडणीसह, प्रसिद्ध केले. जगाने त्याला ‘कारहुनेन-लोएव विस्तार’ असे नाव दिले. संदेशवहन, प्रतिमा-संस्करण, प्रवाहशास्त्र, भूकंपशास्त्र अशा अनेक शाखांत तो विस्तार वापरला जातो. चेहऱ्यांची छायाचित्रे थोड्या गुणकांत साठविण्याच्या पद्धतीमागेही तोच आहे. १९७४ साली नासिर अहमद, नटराजन आणि राव यांनी मांडलेले ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ त्याच्या जवळ जाणारे, परंतु करावयास सोपे रूप म्हणून पुढे आले. पुढे ‘जेपेग’ छायाचित्रांचे संक्षेपण त्यावर आधारले गेले.

कोसंबी यांचे नाव या साखळीतून का गळाले? युद्धकाळात नियतकालिकांची ये-जा खंडित झाली होती आणि भारतीय गणित परिषदेची पत्रिका युरोपातील फार थोड्या ग्रंथालयांत पोहोचत असे. तेवढेच कारण नाही. कोसंबी यांनी स्वतः या निबंधाचा पाठपुरावा केला नाही. कारहुनेन आणि लोएव यांनी त्या फलिताभोवती एक सिद्धांत उभारला, विद्यार्थी घडविले आणि लोएव यांनी तर पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे पाठ्यपुस्तक लिहिले. कोसंबी एक निबंध लिहून दुसऱ्या विषयाकडे वळले. विद्यार्थ्यांची परंपरा ज्याच्या मागे नाही, त्याच्या नावाची वकिली कोण करणार? अलीकडे काही लेखक ‘कोसंबी-कारहुनेन-लोएव’ असे तिहेरी नाव वापरू लागले आहेत. परंतु आजही या विस्ताराचा उपयोग करणारे बहुसंख्य निबंध मूळ तिघांपैकी एकाचाही निबंध उद्धृत करीत नाहीत. ते एखाद्या पाठ्यपुस्तकाचा हवाला देऊन मोकळे होतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेला ‘समावेशातून होणारा लोप’ अशा अर्थाचे नाव दिले होते. कल्पना इतकी सर्वपरिचित होते की तिच्या जनकाचा उल्लेख करण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. संदर्भगणनेच्या सूचीत अशा यशाची नोंद शून्य म्हणून होते.

चार पानांचा निबंध

१९४४ साली ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकाच्या बाराव्या खंडात, पृष्ठ १७२ ते १७५ वर, कोसंबी यांचा ‘पुनर्संयोजन-मूल्यांवरून नकाशा-अंतरांचे अनुमान’ या विषयावरील निबंध आला. तो समजून घेण्यासाठी आनुवंशिकीतील एका जुन्या अडचणीकडे वळावे लागते.

गुणसूत्रावर जनुके एका ओळीत असतात. प्रजननपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे आपापले तुकडे परस्परांत बदलतात. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांच्या दरम्यान अशी अदलाबदल होण्याची शक्यता अधिक. म्हणून संततीत दिसणाऱ्या पुनर्संयोजनाच्या प्रमाणावरून जनुकांमधील अंतर काढता येते. शंभरात एक पुनर्संयोजन म्हणजे साधारणतः एक ‘सेंटिमॉर्गन’. मात्र अंतर वाढले की हा हिशेब बिघडतो. दोन जनुकांच्या दरम्यान दोनदा अदलाबदल झाली तर पहिलीचा परिणाम दुसरी पुसून टाकते आणि निरीक्षकास काहीच घडले नाही असे वाटते. त्यामुळे दिसणारे प्रमाण खऱ्या अंतराच्या मानाने कमी भरते.

जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ साली यावर एक सूत्र दिले. त्यात प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून पूर्णतः स्वतंत्र आहे, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तसे नसते. एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या लगतच्या भागात दुसरी होण्याची शक्यता घटते. याला ‘व्यतिकरण’ म्हणतात. फळमाशीवरील प्रयोगांतून ही गोष्ट पूर्वीच कळली होती. कोसंबी यांनी गृहीत धरले की हे व्यतिकरण जवळच्या जनुकांच्या बाबतीत जवळजवळ संपूर्ण असते आणि अंतर वाढेल तसे ते ओसरत जाते. ओसरण्याचा नियमही त्यांनी शक्य तितका साधा घेतला. दुहेरी अदलाबदलीचे प्रत्यक्ष प्रमाण आणि स्वतंत्रपणे अपेक्षित प्रमाण यांचे गुणोत्तर पुनर्संयोजन-प्रमाणाच्या दुप्पट मानले. एवढ्या एका गृहीतकावरून समाकलनाने एक आटोपशीर सूत्र निघते.

उदाहरण घेतल्यास फरक ध्यानात येईल. दोन जनुकांमध्ये २० टक्के पुनर्संयोजन आढळले, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते आणि कोसंबी यांच्या सूत्राने सुमारे २१.२. ओळीतील तीन जनुकांपैकी लगतच्या दोन जोड्यांत प्रत्येकी १० टक्के पुनर्संयोजन असेल, तर टोकाच्या दोन जनुकांत हॉल्डेन १८ टक्के अपेक्षितात, कोसंबी सुमारे १९.२ टक्के. फरक लहान दिसतो; पण लांब गुणसूत्रावर शेकडो खुणा ओळीने मांडावयाच्या असतात, तेव्हा नकाशाची एकूण लांबी त्यावर अवलंबून असते.

या निबंधामागे प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते, सहलेखकही नव्हते. कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. दुसऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांवर त्यांनी आपले गणित चालविले. अशा परिस्थितीत काम करणाऱ्या आजच्या महाविद्यालयीन अध्यापकाने या तपशिलाकडे थोडे थांबून पाहावे.

निबंध प्रसिद्ध झाल्यावर कित्येक वर्षे त्याचा वापर मर्यादित राहिला. नकाशात मांडण्याजोगी जनुकेच मोजकी होती. १९८० साली डेव्हिड बॉटस्टाइन व सहकाऱ्यांनी मानवी डीएनएमधील तुकड्यांच्या लांबीतील भेद खुणा म्हणून वापरण्याची कल्पना मांडली आणि परिस्थिती पालटली. आता शेकडो खुणा मिळू लागल्या. १९८७ साली एरिक लँडर व सहकाऱ्यांनी ‘मॅपमेकर’ ही संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. तीत वापरकर्त्यासमोर दोन पर्याय होते, हॉल्डेन आणि कोसंबी. नंतर आलेल्या ‘जॉइनमॅप’सारख्या प्रणालींनीही तेच केले. तांदूळ, गहू, ज्वारी, हरभरा, कापूस यांच्या आनुवंशिक नकाशांवरील शोधनिबंधांत ‘कोसंबी फलनाचा वापर करून अंतरे काढली’ अशा आशयाचे वाक्य ठरल्यासारखे येते. कृषी विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे नाव पहिल्यांदा भेटते ते एका सूत्राचे नाव म्हणून. ते नाव गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकविलेल्या गणिताच्या अध्यापकाचे आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

मोजमापाच्या दृष्टीने या निबंधाचे वर्तन चमत्कारिक आहे. नियतकालिकांचा ‘प्रभाव-घटक’ निबंध प्रसिद्ध झाल्यानंतरच्या दोन वर्षांतील उल्लेखांवर काढला जातो. या निबंधाला त्याचा वाचकवर्ग चाळीस वर्षांनी मिळाला. एच-निर्देशांकाचा हिशेब तर असा की एखाद्या निबंधाला कितीही उल्लेख मिळाले तरी निर्देशांकात त्याची भर एकाच अंकाची. मध्यम प्रतीचे वीस निबंध लिहिणारा लेखक या पट्टीवर सहज पुढे जातो.

नाणी, सुभाषिते आणि इतिहास

संख्याशास्त्राचा उपयोग पडताळण्यासाठी कोसंबी यांनी निवडलेली सामग्री अनपेक्षित होती. १९४० च्या सुमारास ते आहत नाण्यांकडे वळले. चांदीचे नाणे हातोहात फिरते, घासले जाते आणि त्याचे वजन हळूहळू घटते. एका नाण्यावरून काही सांगता येत नाही, कारण झीज यदृच्छेने होते. पण नाण्यांचा मोठा गट तोलला तर सरासरी वजन काळाच्या प्रमाणात घटलेले आणि वजनांतील विखुरणे वाढलेले दिसेल. हा नियम त्यांनी आधी चलनातील आधुनिक नाणी तोलून पडताळला आणि मग तक्षशिलेच्या निधीतील आहत नाण्यांना लावला. नाण्याच्या मागील बाजूवरील ठशांची संख्या वाढते तसे सरासरी वजन कमी होते, असे त्यांस आढळले. त्यावरून हे ठसे नाणे चलनात असताना ठराविक काळाने केलेल्या तपासणीचे असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. सर्व नाणकशास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही. आरंभीचे वजन एकसारखे असल्याचे गृहीतक आणि एका निधीवरून काढलेले निष्कर्ष यांवर आक्षेप आले. तरीही नाण्याकडे केवळ चिन्हांचे चित्र म्हणून न पाहता चलनात फिरलेली वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली, ती टिकून राहिली. हे निबंध ‘करंट सायन्स’ आणि ‘न्यू इंडियन अँटिक्वेरी’ अशा दोन अगदी भिन्न वाचकवर्गांच्या नियतकालिकांत विभागले गेले. विज्ञानाच्या सूचीत त्यांतील काही आढळतात, उरलेले आढळत नाहीत.

संस्कृतातील कामाची कथाही अशीच. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखिते तपासून त्यांनी १९४८ साली सिंघी जैन ग्रंथमालेत चिकित्सित आवृत्ती प्रसिद्ध केली. भर्तृहरीच्या नावावर आठशेहून अधिक श्लोक फिरत होते. त्यांपैकी सर्व शाखांना समान असा गाभा सुमारे २०० श्लोकांचा आहे, असे त्यांनी दाखविले. जैन ग्रंथमालेतील या संस्कृत ग्रंथाची अर्पणपत्रिका मार्क्स, एंगेल्स आणि लेनिन यांच्या स्मृतीस आहे, यात कोसंबी यांचा सारा स्वभाव आला. पुढे व्ही. व्ही. गोखले यांच्या समवेत त्यांनी विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादिला आणि तो १९५७ साली हार्वर्ड प्राच्यविद्या मालेत निघाला. त्यावर आधारलेला डॅनियल इंगॉल्स यांचा इंग्रजी अनुवाद १९६५ साली आला आणि आज पाश्चात्त्य वाचक विद्याकराला बहुधा त्या अनुवादातूनच ओळखतो. संपादकाचे श्रम अनुवादकाच्या उल्लेखात विरून जावेत, हे पाठचिकित्सेच्या क्षेत्रात नित्याचे आहे.

इतिहासात मात्र कोसंबी यांच्या नावाचा उल्लेख टाळणे कोणास शक्य झाले नाही. ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ (१९५६), ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) आणि ‘द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया इन हिस्टॉरिकल आउटलाइन’ (१९६५) या ग्रंथांनी राजवंशांच्या जंत्रीतून प्राचीन भारताचा अभ्यास बाहेर काढला. पुणे परिसरातील टेकड्यांवर पायपीट करून गोळा केलेली सूक्ष्मपाषाण-हत्यारे, धनगरांच्या वाटा, म्हसोबा-म्हातोबांची ठाणी, कार्ले आणि जुन्नरची लेणी यांतून त्यांनी पुरावा उभा केला. ‘वरून आलेली’ आणि ‘खालून आलेली’ सरंजामशाही हा त्यांनी केलेला भेद पुढील दीर्घ वादाचा प्रारंभबिंदू ठरला. रामशरण शर्मा यांनी १९६५ साली भारतीय सरंजामशाहीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नंतर हरबंस मुखिया यांनी त्या संकल्पनेवरच प्रश्नचिन्ह लावले. या वादातील दोन्ही बाजूंना कोसंबी यांचा उल्लेख करावाच लागतो. विज्ञानात उल्लेख बहुधा वापरासाठी येतो, इतिहासात तो पुष्कळदा मतभेदासाठी येतो. दोहोंची बेरीज एकाच रकान्यात करणे म्हणजे शेर आणि गज यांची बेरीज करणे होय.

रीमान-प्रकरण

या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९५० च्या दशकात कोसंबी मूळ संख्यांच्या वितरणाकडे संभाव्यतेच्या दृष्टीने पाहू लागले. १९५९ साली त्यांनी या विषयावरील निबंध ‘जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रीमानच्या गृहीतकाची सिद्धता असल्याचा त्यांचा दावा होता. गणितातील सर्वांत कठीण मानला गेलेला प्रश्न, आणि त्याची उकल कृषी-संख्याशास्त्राच्या पत्रिकेत! तज्ज्ञांनी दावा मान्य केला नाही आणि तो योग्यच नाकारला गेला. मूळ संख्या यादृच्छिक नमुन्यासारख्या वागतात असे दाखविणे आणि गृहीतक सिद्ध करणे यांत मोठे अंतर आहे. १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात मूळ संख्यांच्या नमुना-वितरणावरील त्यांचा निबंध आला खरा, पण गणितज्ञांमधील त्यांची पत सावरली नाही. याच काळातील काही निबंध त्यांनी ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. सूचीकारांच्या लेखी ते वर्षानुवर्षे दुसऱ्याच कोणाचे तरी राहिले.

१९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. कारणे एकाहून अधिक होती. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर देशाने भर द्यावा असे ते उघडपणे सांगत, आणि ते भाभा यांच्या संस्थेत राहून. शिवाय एका गणिती संस्थेतील प्राध्यापक लेणी, दगडी हत्यारे आणि संस्कृत सुभाषिते यांवर लिहितो, ही गोष्ट काहींना कालापव्यय वाटत असे. येथे मोजमापाचा प्रश्न कागदावरचा राहत नाही. संस्थेने गणिताचे निबंध मोजले आणि त्यांत तिला ऱ्हास दिसला. इतिहासाचे ग्रंथ तिच्या हिशेबाच्या वहीत बसतच नव्हते. आणि कोसंबी यांच्या बाजूनेही सहकाऱ्यांशी संवाद राखण्याचा, टीका ऐकून घेण्याचा गुण फारसा नव्हता; त्यांच्या लेखणीची धार अनेकांनी अनुभवली होती. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय वैज्ञानिकाचे पद दिले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. प्रागैतिहासिक जीवनाचे भारतात आजही दिसणारे अवशेष या विषयावरील त्यांचा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या फेब्रुवारी १९६७ च्या अंकात, म्हणजे मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

विखुरलेली सूची

कोसंबी यांचे लेखन एकत्र पाहण्यात मोठी अडचण आली ती याच विखुरलेपणामुळे. नाण्यांवरील निबंधांचे संकलन १९८१ साली निघाले. भारतविद्येवरील निबंध ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांच्या संपादनाखाली २००२ साली एकत्र आले. गणित व संख्याशास्त्रातील निवडक निबंधांना तर रामकृष्ण रामस्वामी यांच्या संपादनातून ग्रंथरूप येण्यास २०१६ साल उजाडावे लागले. समाजशास्त्रज्ञ कन्या मीरा कोसंबी यांनी संपादिलेला लेखसंग्रह २०१३ सालचा. म्हणजे एका माणसाचे काम तीन-चार ग्रंथालय-वर्गीकरणांत पडले आणि प्रत्येक वर्गातील वाचकाला उरलेले वर्ग दुरूनच माहीत राहिले. आनुवंशिकीच्या अभ्यासकाने २००२ चा संग्रह क्वचितच उघडला असेल. इतिहासाच्या प्राध्यापकाला २०१६ च्या संग्रहाचे काम पडण्याचा प्रसंगच येत नाही.

कोसंबी यांनी मात्र हे वर्ग मानले नव्हते. नाण्यांच्या वजनांतील विखुरणे, गुणसूत्रावरील दुहेरी अदलाबदल, हस्तलिखितांतील पाठभेद यांपैकी प्रत्येक ठिकाणी एकेकट्या नमुन्याची अनिश्चितता मान्य करून समूहाकडून नियम वदवून घेणे, ही त्यांची एकच रीत होती. १९६३ साली ‘इंडो-इरानियन जर्नल’मध्ये त्यांनी भारतविद्येतील संयुक्त पद्धतींवर जो निबंध लिहिला, त्यात भाषाशास्त्र, पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि ग्रंथप्रामाण्य यांना परस्परांचे साक्षीदार म्हणून उभे केले आहे. त्या निबंधाचा वाचक प्राच्यविद्येचा अभ्यासक होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या अकादमीच्या वृत्तांतात आलेल्या मूळ संख्यांवरील निबंधाचा वाचक गणितज्ञ होता. दोन्ही निबंध वाचलेला माणूस त्या वर्षी, खुद्द लेखक वगळता, पुण्या-मुंबईतही क्वचितच कोणी असेल.